पुस्तकावरून वेब डिझाईन शिकतोय, फोटोशॉपमध्ये इमेजरेडी सापडतच नाही

फ्लेक्सवाला_सांगली
नमस्कार मंडळी. सांगलीत फ्लेक्सच्या दुकानात सात वर्षं कोरलवर बसतोय, वाढदिवसाचे बॅनर, पत्रिका, पाट्या सगळं करतो. आता वेबसाईटचं ग्राफिक्स शिकायचंय पण क्लासची फी परवडत नाही आणि व्हिडिओ लावला की अर्ध्या तासात भलतीकडेच पोचतो, म्हणून पुण्याला गेलो तेव्हा अप्पा बळवंत चौकातनं दीडशे रुपयाला एक जाडजूड सेकंडहँड पुस्तक आणलं. त्यात सांगितलंय ८०० बाय ६०० चं पान घ्या, २१६ च रंग वापरा, मग फोटोशॉपसोबतच्या इमेजरेडी सॉफ्टवेअरमध्ये चित्राचे तुकडे पाडून टेबलात बसवा. माझ्याकडे इमेजरेडी दिसतच नाही, इन्स्टॉल करताना काही राहिलं का?

जुना_खेळाडू
काही राहिलं नाही दादा 😄 इमेजरेडी २००७ ला फोटोशॉपचं सीएस३ व्हर्जन आलं तेव्हाच गेलं. २१६ चं म्हणाल तर तेव्हा बऱ्याच मॉनिटरवर एका वेळी २५६ च रंग दिसायचे, त्यातले विंडोज आणि मॅक दोन्हीकडे सारखे दिसतील असे हे २१६, लाल हिरवा निळा प्रत्येकी सहा पायऱ्या म्हणजे सहा सक छत्तीस, छत्तीस सक दोनशे सोळा. आता साध्या फोनवरपण लाखो रंग दिसतात, विसरा ते. फ्लॅशचा, म्हणजे वेबवरच्या हलत्या चित्रांचा धडा असेल तर तोपण सोडा, २०२० संपताना तेही बंद झालं. पण पानाची मांडणी करायला टेबलाऐवजी आता ग्रिड आणि फ्लेक्सबॉक्स असतं ते मात्र नवीन ठिकाणाहून शिका.

रेघोटी
पुस्तक रद्दीत घालू नका हां. सॉफ्टवेअरचे धडे शिळे होतात, रंगसंगती, मोकळी जागा, अक्षरांचे आकार यांचे नाही होत. मी असंच शिकले, धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि तेच पान आठवून करायचं, अडलं की मगच उघडायचं. समोर उघडं ठेवून केलं की नुसता हात चालतो. आणि भाऊ, फ्लेक्सवाल्यांची कोपरानकोपरा भरायची सवय तेवढी सोडा! पांढऱ्यावर पिवळं तर नकोच, साध्या मजकुराला कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागच्या रंगातल्या उजेडाचं प्रमाण, निदान ४.५ लागतो, भडक पिवळ्याचा जेमतेम १.०७ येतो.

काना_मात्रा
एक राहिलं. ही पुस्तकं इंग्रजी अक्षरं धरून लिहिलेली असतात. त्यात लाईन हाईट, म्हणजे ओळीची उंची, अक्षराच्या १.२ पट दिली असेल आणि तुम्ही मराठीला तीच लावली तर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत घुसतात, १.६ च्या आसपास ठेवून बघा. हेडिंगला लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा जागा तर अजिबात देऊ नका, शिरोरेषा तुटते. आणि दुकानातल्या जुन्या फॉन्टमधलं मॅटर तसंच चिकटवलं तर नुसता कचरा दिसेल, युनिकोडमध्ये टाईप करा, ते सगळीकडे वाचता येतं. ‘एक टाईप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचा ‘मुक्ता’ फॉन्ट फुकट आहे, त्यानेच सुरुवात करा.

फ्लेक्सवाला_सांगली
आत्ताच करून बघितलं राव. ‘श्री गणेश जनरल स्टोअर्स’ला स्पेसिंग दिलं तर शिरोरेषेचे तुकडे तुकडे, दात पडल्यासारखं दिसायला लागलं. दोन ओळींत घेतलं तर ‘र्स’चा रफार वरच्या ओळीला टेकत होता, १.६ केल्यावर सुटला. मालक मागनं येऊन विचारतायत काय चाललंय रे, म्हटलं पाटीचं प्रूफ. कलर मोड स्क्रीनचा आरजीबीच ठेवायचा ना? हात सारखा छपाईच्या सीएमवायकेकडे जातोय.

रेघोटी
हो, आरजीबीच. आणि रेझोल्यूशनच्या, म्हणजे इंचाला किती ठिपके त्या आकड्याच्या नादी लागू नका, स्क्रीनला रुंदी उंचीचे पिक्सेल किती तेवढंच बघा.