मदत हवी आहे: जलपिंपळी पिवळी पडतेय, प्लीज लवकर सांगा

रानजाई: लॉन काढून जलपिंपळी लावली. आधी छान पसरली, आता मधेमधे पिवळे पट्टे, काड्या लांबच लांब, फूल एकही नाही. पाणी रोज घालते. रविवारी आणखी रोपं आणायचीत, त्याआधी उत्तर हवंय.

बांधावरचा: गाव कोणतं? माती? ऊन किती?

सुमेधा_क: जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं खत) पातळ करून घाला. आमची अख्खी बाग त्यावरच आहे.

रानजाई: पुणे. नर्सरीची लाल माती. शेणखत घातलंय.

बांधावरचा: आणि ऊन?

आबा५५: पिंपळीचं चूर्ण मधातून चाटवा, खोकला थांबतो. घरची असली तर उत्तमच.

बांधावरचा: आबा, ती मिरीच्या कुळातली वेल. ही घाणेरीच्या कुळातली. हिचं चूर्ण कुणाला देऊ नका.

हिरवळ: उपटा आणि हरळी लावा. ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंगच्या खोऱ्यात हिच्या जवळच्या जातीने कुरणंच्या कुरणं व्यापलीत. लिप्पिया म्हणतात तिथे.

बांधावरचा: तिथे ती जात परकी. ही इथे तळ्याकाठी, ओल्या बांधांवर आपली आपण येते. काडीपेटीच्या गुलाएवढं बोंड, भोवती पांढऱ्या-गुलाबी फुलांची कडी, त्यावर दिवसभर मधमाश्या. हरळीवर हे दिसेल का?

हिरवळ: पेरापेराला मुळं फुटतात तिला. शेजारच्या वाफ्यात शिरली की निस्तरायचं कुणी?

रानजाई: भांडू नका ना. आंब्याखाली लावलीय. सकाळी तासभर ऊन येतं.

बांधावरचा: मग तेच कारण. हिला दिवसातले पाच-सहा तास तरी ऊन हवं. सावलीत काड्या उन्हाकडे धावतात आणि फूल धरत नाही. त्यात रोजचं पाणी. पिवळ्या पट्ट्यातली एक काडी उचलून पेर बघा. काळं, बुळबुळीत असेल तर पाणी जास्त होतंय, आंब्याची पडलेली पानंही झाडून काढा. मुळं पांढरी, टणक असतील तर फक्त उन्हाची कमतरता. नवी रोपं कशाला आणता? तीन-चार पेरांचे तुकडे उन्हात टोचा, रुजेपर्यंत ओल ठेवा, मग पाणी कमी करा. आंब्याखाली कारिवणा (मंडूकपर्णी) लावा, त्याला अर्धी सावली मानवते.

सुमेधा_क: कारिवण्यालाही जीवामृत चालतं बरं का.

रानजाई: पेर काळंच आहे. ऊन फक्त फाटकाशी, पण तिथे गाडी लागते. चालेल?

बांधावरचा: पायाखाली टिकते, रोज चाकाखाली नाही. चाकांच्या दोन पट्ट्यांवर फरशी टाका, मधल्या जागेत लावा.

हिरवळ: आणि कडेने विटा उभ्या पुरा, नाहीतर रस्त्यावर येईल.