शेजाऱ्याला येशूबद्दल सांगावं, की नुसतं नीट वागावं?

नवापूरकर: रविवारी मंडळीत मत्तय २८ वर उपदेश झाला: जा, सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा. बाहेर आल्यावर एक जण म्हणाला, हे पाळकांचं काम, आपण आपली शेती बघावी. मला नाही पटलं. माझा बाप दारू पिऊन पडलेला असायचा. गुजरातेत ऊसतोडीला गेला, तिथे शेजारच्या कोपीतला एक तोडकरी रोज रात्री त्याला स्वतःची गोष्ट सांगायचा: मीही असाच होतो, येशूने मला उचललं. तो गप्प बसला असता तर आमचं घर उरलं नसतं. मग मी कसा गप्प बसू?

सातपुड्याचा: भाऊ, तुमच्या वडिलांचं भलं झालं, आनंदच आहे. आमच्याकडे आजी अंथरुणाला खिळलेली असताना दोघं आले. प्रार्थना करतो म्हणाले. आम्ही बसा म्हटलं, पाणी दिलं. उठताना सांगून गेले, याहामोगी देवीला सोडा, मग म्हातारी उठेल. आजी गेली. माझी आई वर्षभर म्हणत होती, माझ्यामुळेच गेली. आणि दारूचं म्हणाल, तर १९३०च्या दशकात तळोद्याकडे मोरवडच्या गुलाम महाराजांनी आदिवासींची दारू सोडवलीच होती. त्यासाठी कुणाला ख्रिस्ती व्हावं लागलं नाही.

धुळ्याची नर्सताई: मी ख्रिस्ती आहे, तरी ड्युटीवर स्वतःहून विषय काढत नाही. पेशंटच्या हाताला सलाईन असतं, त्याला नको असलं तरी उठून जाता येत नाही. पहिलं पेत्र ३:१५ सांगतं, तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्या, तेही सौम्यपणे. आधी कुणी विचारायला तर हवं!

नवापूरकर: ताई, बापाने कुठे विचारलं होतं? बुडणारा विचारत नाही. पण दवाखान्याचं तुमचं म्हणणं मान्य. आणि दादा, आजीच्या बाबतीत झालं ते पापच. बरं होण्याची अट घालणं म्हणजे धाक दाखवणं, त्याला सुवार्ता म्हणू नये.

शहाद्याहून: घटनेच्या कलम २५ मध्ये धर्मप्रचाराचा हक्क आहेच. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची हद्द सांगितली: आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगता येतात, दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात येत नाही.

सातपुड्याचा: कायदा राहू द्या. नवापूरकर, माझी आई तुमच्या ओट्यावर बसून याहामोगीची गोष्ट सांगू लागली, तर शेवटपर्यंत ऐकाल?

नवापूरकर: ऐकेन. लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून देवमोगऱ्याला याहामोगीच्या यात्रेला गेलोय मी. बाप्तिस्मा झाला आणि घरात तो विषयच बंद पडला, आजोबा जाईपर्यंत. ते मला अजून खुपतं. आईंना घेऊन या, जेवायलाच या. मग मीही बापाची गोष्ट सांगेन. ती मात्र मी टाळणार नाही.

सातपुड्याचा: आईला विचारतो. ती नाही म्हणाली तर आग्रह करू नका.