जुन्या कीर्दवह्या आणि हिमरूपासून रोजनिशी बांधण्यासाठी मदत हवी आहे

सर्वांना सविनय नमस्कार. मी छत्रपती संभाजीनगरला राहते. घर आवरताना आजोबांच्या आडतीच्या दुकानातील निजामकाळातल्या, म्हणजे 1948 पूर्वीच्या, कीर्दवह्या (रोजच्या जमाखर्चाच्या वह्या) सापडल्या. त्यांतील कोरी पाने, आजीच्या हिमरू (सुती-रेशमी विणीच्या) शालीचे तुकडे आणि जीर्ण पैठणीचा काठ वापरून भावंडांसाठी हाताने शिवलेल्या रोजनिशा बांधण्याचे मी ठरवले आहे. मोडीत लिहिलेली पाने मात्र मी कापणार नाही. त्यांच्या छायाप्रतीच आत चिकटवते.

अडचण अशी की, मैद्याची खळ लावून हिमरू पुठ्ठ्यावर चढवला की ती सुती-रेशमी विणीतून वर झिरपते आणि वाळल्यावर रेशमी फुलांवर पांढुरके डाग उमटतात. कापडाला आधी मागून पातळ कागदाचे अस्तर द्यावे, की खळच अधिक घट्ट शिजवावी? कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात, पण त्याने जरीचा काठ काळा पडेल, अशी मला भीती वाटते. घडीवर तुटणाऱ्या पानांना दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याच्या हातकागदाची पट्टी लावली, तर शिवण फार जाड होईल का? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे; माझ्याकडे आता हिमरूचा हातभरच तुकडा उरला आहे.