मदत हवी आहे: सांगली-मिरजेत मराठी-कानडी मुलीची स्पीच तपासणी

नमस्कार मंडळी. मुलगी पावणेतीन वर्षांची. सुटे शब्द बोलते, पण दोन शब्द जोडत नाही. कळतं सगळं, 'बाबांची चप्पल आण' म्हटलं की बरोबर तीच आणते. बेरा टेस्ट झाली, दोन्ही कान नॉर्मल. टीव्ही-मोबाईल बंद करून बघितलं, फरक नाही. 'काही मुलं उशिरा बोलतात, थांबा' हे सगळ्यांकडून ऐकून झालंय, तेवढं कृपया नको.

अडचण अशी, की आम्ही मराठी बोलतो, पण दिवसभर ती आजीजवळ. आजी जत तालुक्यातली, कानडीच बोलते. पोरगी पाणी मागताना 'नीरु' म्हणते. एका ठिकाणी तपासणी केली तर इंग्रजी चित्रकार्डं पुढे ठेवली आणि कानडी शब्द मोजलेच नाहीत. कार्डावरचा इग्लू, म्हणजे बर्फाचं घर, हिने कुठे बघायचा? त्या रिपोर्टवर भरवसा बसेना.

दोन्ही भाषा धरून तपासणारे, आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेले स्पीच थेरपिस्ट कुणाच्या माहितीत आहेत का? समजणं आणि बोलणं, दोन्हीचा वेगळा रिपोर्ट हवाय. कोल्हापूरपर्यंत जाऊ शकतो, पण शनिवारीच. आणि सरकारी डीईआयसीत (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासणारं जिल्हा केंद्र) थेट नेलं तर चालतं, की अंगणवाडीत मुलांची आरोग्य तपासणी करायला येणाऱ्या सरकारी आरबीएसके पथकाची चिठ्ठी लागते?