न्यू जर्सी ते बे एरिया आरव्हीने, आईबाबांना घेऊन: कुठला रूट घेऊ?

एडिसनकर:
मंडळी, जुलैच्या शेवटी आरव्ही (आत राहायची-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेऊन एडिसनहून निघायचं आणि कॅलिफोर्नियात सॅन होजेला ताईकडे पोचायचं असं घाटतंय. मी, बायको, आठ वर्षांची लेक आणि पुण्याहून आलेले आईबाबा. 25 फुटी क्लास सी (मधल्या आकाराची आरव्ही) बघून ठेवलीय, हाताशी तीन आठवडे. आईचे गुडघे दुखतात, बाहेरचं खाणं दोघांनाही सोसत नाही, म्हणून आरव्ही. बाबांनी ग्रँड कॅन्यनचा धोशा लावलाय त्यामुळे दक्षिणेकडचा हायवे आय-40 डोक्यात आहे, पण ऑफिसातले सगळे उत्तरेकडचा आय-90 म्हणतायत. कोणी केलंय का?

रानवाटा:
ऑगस्टमध्ये आय-40 नको रे बाबा. ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम (दक्षिण कडा) 7,000 फुटांवर आहे, तिथे हवा छान असते, प्रश्न त्याच्या पुढचा आहे. किंगमन सोडलं की नीडल्स, बार्स्टो, सगळं मोहावी वाळवंट, 43-44 डिग्री अगदी नेहमीचं. गाडी चालू असताना डॅशबोर्डचा एसी मागे डायनेटपर्यंत (जेवायच्या टेबलापर्यंत) पोचतच नाही आणि आईबाबा बसणार तिथेच. छतावरचा एसी लावायचा तर जनरेटर चालू ठेवा, त्याचे तासावर पैसे. म्हातारी माणसं बोलत नाहीत, पण मेटाकुटीला येतात.

मी असतो तर आय-80 ने निघून शिकागोच्या दक्षिणेला राहून लासाल-पेरूला आय-39 धरला असता, तो रॉकफर्डला आय-90 ला नेऊन सोडतो, शिकागोचं ट्रॅफिक टळतं. तिथून विस्कॉन्सिन, मिनेसोटा, साउथ डकोटा. बॅडलँड्स नॅशनल पार्कपर्यंत साधारण 1,600 मैल होतात आणि खरं सांगायचं तर त्यात मका सोडून फार काही नाही, ते उरकून टाक. दिवसाला 300 मैलांच्या वर जाऊ नको, गाडी 25 फुटी आहे, कॅमरी नाही. पण बॅडलँड्सचा लूप रोड सावकाश कर, पुलआउट (रस्त्याकडेला थांबायच्या जागा) भरपूर आहेत, आईला गाडीत बसूनही सगळं दिसेल. माउंट रशमोरला (डोंगरात कोरलेले राष्ट्राध्यक्षांचे चेहरे) जा, पण कस्टर स्टेट पार्कातला नीडल्स हायवे आरव्हीने अजिबात नको, तिथला एक बोगदा जेमतेम 8 फूट रुंद आहे.

एक महत्त्वाचं, ऑगस्टच्या सुरुवातीला स्टर्जिसला मोटारसायकलवाल्यांची मोठी जत्रा भरते. दहाएक दिवस त्या पट्ट्यात कॅम्पग्राउंड मिळायची मारामार आणि रात्रभर फटफट्या. म्हणून आठवडाभर आधीच निघ.

पुढे बिगहॉर्नचे डोंगर ओलांडताना जीपीएस यूएस-14ए हा रस्ता दाखवेल, तो घेऊ नको, चढउतार भयंकर आहे. बफेलोहून टेन स्लीपवरून जाणारा यूएस-16 त्यातल्या त्यात सौम्य. मग कोडी गाव आणि यलोस्टोन नॅशनल पार्क. उतारावर टो-हॉल मोड (गिअर खालचा धरून वेग आवरणारा) लाव, नुसत्या ब्रेकवर विसंबू नको.

भाकरवडी:
रानवाटाचा रूट बरोबर आहे पण मुळात न्यू जर्सीहून आरव्ही कशाला? क्लास सी गॅलनला 8-10 मैल देते, वर मैलाचे पैसे, वर एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडायचा दंड. अर्धे पैसे आणि अर्धे दिवस मक्याची शेतं बघण्यात जाणार. सरळ सॉल्ट लेक सिटीला विमानाने जा, तिथून आरव्ही घे, ग्रँड टीटन नॅशनल पार्क आणि यलोस्टोन करून तिथेच परत कर, आणि मग ताईकडे विमानाने. आठ-दहा दिवस पुरतात, उरलेले दिवस ताईकडे लोळा.

रानवाटा:
हिशोबाने भाकरवडी बरोबर आहेत. पण ‘अख्खी अमेरिका आडवी पार केली’ याची मजा वेगळी. आईबाबांना काय हवंय ते विचार.

सुगरण_कॅम्पर:
रूट कुठलाही घ्या, यलोस्टोनचं बुकिंग आत्ता बघा. पार्कच्या आत वीज, पाणी, सांडपाणी तिन्ही जोडण्या फक्त फिशिंग ब्रिजला मिळतात, तेही महिनोन्महिने आधी भरतं. नाही मिळालं तर कोडी किंवा वेस्ट यलोस्टोनचे खाजगी पार्क. तिथे अस्वलं आहेत, फोडणीचा वास लांब जातो, कुकर-कढई बाहेरच्या टेबलावर ठेवून झोपू नका. काकूंना चालत्या गाडीत चहा टाकायला अजिबात उठू देऊ नका. बाथरूमला जायचं तरी गाडी बाजूला घ्या. गाडी घेताना पाचही जणांना सीटबेल्ट आहेत ना ते मोजा. आणि टाक्या रिकाम्या करताना आधी ब्लॅक (संडासाची), मग ग्रे (आंघोळ-भांड्यांच्या पाण्याची), म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. जाड रबरी हातमोजे वेगळे घ्या, भाड्याच्या किटमधले पातळ असतात. शिवाय 2026 पासून नॅशनल पार्कचे शुल्क परदेशी पाहुण्यांसाठी वेगळे झालेत, आईबाबा व्हिजिटर व्हिसावर असतील तर पार्क सर्व्हिसच्या साइटवर आधी वाचा.

एडिसनकर:
मंडळी, भारी! बाबांना भाकरवडींचा प्लॅन दाखवला तर म्हणाले विमानात काय दिसतं. म्हणजे आय-90 नक्की, 20 जुलैला निघतो. ग्रँड कॅन्यन ताईकडे पोचल्यावर ऑक्टोबरमध्ये वेगळा करू, बाबा तयार झालेत, थोडं फुगून. फिशिंग ब्रिज फुल्ल आहे, कोडीत तीन रात्री मिळाल्या. आता यलोस्टोनहून पुढे ट्विन फॉल्स, वेल्स, मग आय-80 ने रीनो असं काढलंय. रीनोपुढच्या डॉनर पास घाटाचा उतार आरव्हीला जड जातो का?

रानवाटा:
चढ ठीक आहे, सॅक्रामेंटोच्या बाजूचा उतार लांबलचक आहे. गिअर खाली ठेव, उजव्या लेनमध्ये ट्रकवाल्यांच्या मागे राहा, दुपारच्या आत उतर.