नाट्यशिक्षण संपले; आता नोकरी धरावी की तालीम?

तिसरी घंटा

पुण्यातला नाट्यशास्त्राचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम मी यंदाच्या मे महिन्यात पूर्ण केला. माझे गाव लातूर. सध्या कर्वेनगरमध्ये तिघींनी मिळून घेतलेल्या खोलीत राहते. घरून रोज एकच प्रश्न येतो आणि तो गैर नाही: आता पुढे काय?

माझे मत असे की, ज्याला नाटकच करायचे आहे त्याने पहिली तीन वर्षे पूर्ण वेळेची नोकरी धरू नये. दोन वर्षे रोज सकाळी आवाजाचा आणि शरीराचा सराव केल्यावर जी तयारी अंगी येते, ती रविवारपुरत्या तालमीवर टिकत नाही. माझ्या आधीच्या तुकडीतील दोघांनी ‘नोकरी सांभाळून नाटक करू’ असे ठरवले होते. त्यांपैकी एक जण दोन वर्षांत रंगमंचावर दिसलेला नाही, आणि दुसरा आमच्या प्रयोगांना तिकीट काढून येतो, ज्याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहोत. उन्हाळी शिबिरे, डिसेंबर-जानेवारीतील शाळांची स्नेहसंमेलने आणि ऑडिओबुकसाठी वाचन यांवर खोलीभाडे निघते, असा माझा हिशोब आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी मोकळेपणाने लिहावे.

सदाशिव पेठ, दुसरा मजला

मला पटत नाही, आणि मी तीस वर्षे बँकेत नोकरी करून नाटक केलेला माणूस असल्यामुळे माझे मत एकतर्फी आहे हेही आधीच सांगतो.

या शहराचे नाटक उभे केले ते पोट दुसरीकडे भरणाऱ्यांनी. जब्बार पटेल दौंडला डॉक्टरकी करीत होते, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ होते आणि सतीश आळेकर बी. जे. मेडिकलमध्ये जीवरसायनशास्त्राचे काम करीत होते. याच मंडळींच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग डिसेंबर 1972 मध्ये भरत नाट्य मंदिरात झाला आणि 1980 मध्ये तेच नाटक युरोपात गेले, त्या ताफ्यातले बहुतेक जण आपापल्या कामावरून रजा टाकून आले होते. पोट नाटकावर अवलंबून नव्हते म्हणूनच त्यांना ‘हे चालेल का’ असा विचार न करता नाटक करता आले. ज्याचे भाडे तिकीटविक्रीवर ठरते, तो दोन वर्षांत चालणारे नाटक शोधू लागतो, आणि मग नाट्यशिक्षण घेऊन मिळवले काय?

तुमच्या हिशोबाबद्दलही एक शंका आहे. शिबिरे एप्रिल-मे महिन्यांत असतात आणि स्नेहसंमेलने हिवाळ्यात. मग जून ते नोव्हेंबर तुम्ही खाणार काय?

विंगेतून

वरील प्रतिसाद आदराने वाचला, परंतु ज्या नोकरीचा त्यात दाखला दिला आहे ती नोकरी आता उरलेली नाही. साडेपाचला टेबल आवरून, सायकलवर टांग टाकून सहाला तालमीला पोहोचता येत होते, तेव्हा नोकरी आणि नाटक एका दिवसात मावत होते. हिंजवडीहून सातला निघालेला मुलगा वाहतुकीतून वाट काढत नऊला कोथरूडला पोहोचतो, आणि त्यानंतरही परदेशातील ग्राहकाचा फोन येणार नाही याची खात्री नसते.

शिवाय डॉ. श्रीराम लागूंचे नाव या यादीतून सोयीस्करपणे गळले आहे. कानाच्या-घशाच्या शस्त्रक्रियांचा चांगला चाललेला व्यवसाय त्यांनी 1969 मध्ये, बेचाळिशीत, सोडून दिला, कारण दोन्ही एकत्र निभणार नाही असे त्यांना वाटले. हौस ही पुण्याची मूळ परंपरा आहे हेही खरे नाही. 1880 मध्ये याच शहरात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि त्यातून किर्लोस्कर मंडळी उभी राहिली. पुढे गंधर्व मंडळीपर्यंत नट हा कंपनीचा पगारी माणूस होता आणि त्याच्या जेवणाखाण्याची सोयही कंपनीच पाहत असे.

माझे मत मात्र तिसरेच आहे. मी प्रकाशयोजना करतो. नाट्यशाळेतून बाहेर पडलो तेव्हा मलाही नटच व्हायचे होते; पण पहिले पाकीट मिळाले ते एका नाटकाचे दिवे चालवण्याचे, दुसरे नेपथ्य लावण्याचे, आणि अभिनयाची पहिली नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे मानधन, हातात पडेपर्यंत सहा वर्षे गेली. नट म्हणून रांगेत शंभर जण असतात. सायंकाळच्या प्रयोगाला दुपारी दोनला येऊन, टेम्पो उतरवून, दिवे लावून, दिवे बदलण्याचा एकही क्यू (इशारा) न चुकवता रात्री सगळे परत भरणारा शोधावा लागतो. अभ्यासक्रमात हे विषय सर्वांना शिकवले जातात आणि बहुतेक जण ते परीक्षेपुरते उरकतात.

सदाशिव पेठ, दुसरा मजला

लागूंचा मुद्दा मान्य आहे, परंतु त्यांनी व्यवसाय सोडला तो नाव झाल्यावर. कंपन्यांचे म्हणाल तर त्या कर्जात बुडाल्या आणि बोलपट आल्यावर एकेक करून मिटल्या, हेही त्याच इतिहासात लिहिलेले आहे.

पालक

माझी मुलगी नाट्यशिक्षणाच्या पहिल्या वर्षाला आहे, म्हणून दोनच गोष्टी विचारतो. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची अठरा ते पंचवीस वयोगटातील तरुण कलावंतांसाठी दरमहा 5000 रुपयांची दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे; तिच्यासाठी इथे कोणी अर्ज केला आहे का? आणि मुलांनी मुंबईला जाऊन मालिका करण्यात एवढे वाईट काय आहे?

विंगेतून

वाईट काहीच नाही, फक्त मालिकेचा दिवस बारा तासांचा असतो आणि मानधन बहुधा तीन महिन्यांनी येते, हे घरभाड्याचा करार करताना लक्षात ठेवावे.

तिसरी घंटा

शिष्यवृत्तीचा अर्ज मी केला नव्हता. माझे वय अजून बसते, त्यामुळे आता करीन. जून ते नोव्हेंबरचा प्रश्न मला टोचला, कारण वहीत ते सहा महिने खरोखरच कोरे आहेत.

तरीही मूळ मुद्द्यावर मी ठाम आहे. ‘पोट नाटकावर अवलंबून नसले की नाटक स्वतंत्र राहते’ हे ऐकायला खरे वाटते, परंतु त्यामुळे नाटकाचा खर्च नाटकातून काढायला कोणी शिकलेच नाही. आमच्या वर्गातील अकरा जणांनी चार गट काढले. प्रत्येकाचे एकेक नाटक आहे आणि प्रत्येकाचे दोन किंवा तीन प्रयोग होऊन थांबले आहेत. समजा, शंभर खुर्च्यांची छोटी जागा घेतली, 250 रुपये तिकीट ठेवले आणि सत्तर लोक आले, तर हातात साडेसतरा हजार येतात. त्यातून जागेचे भाडे, दिवे, टेम्पो आणि चहा वजा केल्यावर सहा जणांना नाईट म्हणून जे उरते, ते सांगायला संकोच वाटतो. चारही गटांच्या नाटकांचे नेपथ्य एकाच टेम्पोत मावेल असे केले आणि तिकिटे विकायला एक माणूस ठेवला, तर याच आकड्यांचे काही होऊ शकते, असे मला वाटते. पण ‘निर्मिती मी बघतो’ असे म्हणायला अकरापैकी कोणीही तयार नाही. सगळ्यांना दिग्दर्शन करायचे आहे. (मलाही.)

बाणेरच्या एका शाळेने आठवड्यातून तीन सकाळी नाटक शिकवायला बोलावले आहे. ही पूर्ण वेळेची नोकरी नव्हे, म्हणून मी माझा शब्द मोडत नाही, असे स्वतःला समजावून होकार कळवणार आहे.

सदाशिव पेठ, दुसरा मजला

आमच्या भाषेत याला नोकरीच म्हणतात. होकार देताना जानेवारीतल्या प्रयोगांच्या तारखा शाळेला आधीच लेखी कळवा, कारण त्यांचे स्नेहसंमेलन नेमके त्याच आठवड्यात येते. आणि तो एक टेम्पो ठरलाच, तर हिशोबाची वही सांभाळायला मी मोकळा आहे.