मुलीला ग्रीक पुराणातलं नाव: कथा बघायची की नुसतं कानाला गोड लागलं की झालं?

सांजवारा
लेक अडीच आठवड्यांची झाली आणि अजून बिननावाची आहे. मी आणि नवरा, दोघांनाही ग्रीक पुराणकथांचं वेड. तेव्हा नाव तिथलंच घ्यायचं यावर वाद नाही. माझं मन डॅफ्नीवर बसलंय. डॅफ्नी म्हणजे लॉरेलचं झाड. डेल्फीच्या पायथियन खेळांत विजेत्याच्या डोक्यावर त्याच पानांचा मुकुट चढायचा. छोटं, स्वच्छ, हाक मारायला सोपं नाव. नवरा म्हणतो, "आधी तिची कथा आठव." मी म्हणते, नाव हाक मारायला असतं, त्यावर कोण निबंध लिहितंय? मोकळेपणी बोला. खुशाल नावं ठेवा, दोन्ही अर्थांनी.

तिरकस
मी नवऱ्याच्या बाजूने. प्रेमाचा देव एरॉस याने चिडून अपोलो देवाला प्रेमात पाडणारा सोन्याचा बाण मारला, डॅफ्नीला प्रेम झिडकारायला लावणारा शिशाचा. तो मागे लागला, ती जीव घेऊन पळाली. पाय थकले तेव्हा तिने बापाला, म्हणजे पेनेउस नदीला, विनवलं की हे माझं रूपच घालव. मग झाड झाली. एवढ्यावर तरी सुटावी? तर नाही! अपोलो म्हणाला, बायको नाहीस तर माझं झाड हो, आणि तिचीच पानं डोक्यावर मिरवली. तुम्हाला आवडलेला विजेत्यांचा मुकुट तो हाच. मुलगी पंधरा वर्षांची झाल्यावर हे वाचेल आणि विचारेल, "आई, तुला माहीत होतं?" तेव्हा काय सांगाल?

अथपासून
तिरकस, तुम्ही सांगितलीत ती ओविडची डॅफ्नी. ओविड रोमन, आणि ते काव्य इ. स. ८ च्या आसपासचं. दुसऱ्या शतकातला ग्रीक प्रवासी लेखक पाउसानियास याने वेगळी कथा नोंदवलीय. तिथे ल्युकिपस नावाचा राजपुत्र केस वाढवून, मुलीचा वेश करून डॅफ्नीच्या शिकारी टोळीत शिरतो. लाडोन नदीत पोहायची वेळ येते, सोंग उघडं पडतं आणि मुली त्याला भाल्यांनी तिथेच संपवतात. ही डॅफ्नी पळत नाही. ग्रीक पुराण हे एक पुस्तक नव्हेच. प्रत्येक गावाची, प्रत्येक कवीची आपली प्रत. मग "तिची कथा" म्हणताना कोणती धरायची?

तिरकस
जी लोकांना माहीत आहे ती. पाउसानियास वाचून कोण हाक मारणार आहे?

दोन_पोरांची_आई
मी अनुभवाने बोलते, कारण माझं नाव अहिल्या. शाळेत फळ्यापुढे जरा अडखळले की मागून आवाज यायचा, "झाला दगड!" शिक्षकही हसायचे. आईबाबांनी नाव प्रेमाने ठेवलं होतं यात शंका नाही, पण कथा त्यांना नाही, मला चिकटली. नाव ठेवणारा एकदाच ठेवतो. सांजवारा, अभिनंदन गं, पण विचार कर.

आडवाट
पण आज अहिल्या म्हटलं की किती जणांना शिळा आठवते आणि किती जणांना होळकर? एका बाईने राज्य असं चालवलं की नावाचा अर्थच बदलला. आणि नचिकेत? बापाने रागाच्या भरात "तुला यमाला दिलं" म्हणून ज्याला धाडला, त्या पोराचं नाव आपण कौतुकाने ठेवतोच ना! तिथे आपल्याला बापाचा संताप आठवत नाही, मुलाचे प्रश्न आठवतात. खुद्द ग्रीसमध्ये आजही इफिजेनिया नावाच्या बायका आहेत. जहाजांना वारा मिळावा म्हणून बापाने जिला वेदीवर चढवलं तीच ही. त्यांना कथा माहीत नसेल असं थोडंच आहे?

दोन_पोरांची_आई
होळकरांचं खरं, पण ते पाचवीतल्या पोरांना सांगून बघ.

खडूस
इथे सगळे ग्रीक पुराणावर बोलताहेत, तर ग्रीकांनी नावं ठेवताना काय केलं तेही बघा. अभिजात काळात ते देवाचं नाव सरळ उचलून पोराला चिकटवत नसत. हेरोडोटस म्हणजे हेरा देवीने दिलेला, अपोलोडोरस म्हणजे अपोलोची देणगी, डेमेट्रियस म्हणजे डेमेटर देवीचा. देवाची नुसती नावं माणसांना सर्रास लागली ती पुढे, रोमन अमलात. थोडा संकोच होता त्या लोकांना. आता जन्मल्या जन्मल्या पोरगी थेट अथीना!

आणि नाव कसं ठेवू नये याचा धडा होमरच्या ओडिसी महाकाव्याच्या १९ व्या सर्गात आहे. आजोबा आउटोलिकस नातवाला बघायला येतो. दाई युरिक्लिया बाळ त्याच्या मांडीवर ठेवते आणि सांगते, तूच नाव शोध. आजोबा म्हणतो, मी येताना पुष्कळांवर रागावून आलोय, म्हणून हा ओडिसियस. क्रोधाशी जोडलेलं नाव! आजोबाची भांडणं आणि नातवाच्या गळ्यात. पुढे तो २० वर्षं घराबाहेर राहिला, आणि परतीच्या वाटेवर समुद्राच्या देवाचा राग झेलत भटकला. तुम्हा दोघांचं वेड हेही जरा त्या आजोबासारखंच. वेड तुमचं, ओझं तिचं.

सांजवारा
खडूस, हे लागलं. वेड तिचं नाही हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. पण मग आपल्या आवडीचं काहीच ठेवायचं नाही का? देवभक्त आईबाप देवाचं ठेवतात, तेव्हा ती भक्ती तरी बाळाची कुठे असते?

खडूस
बरोबर. तिथेही माझं हेच म्हणणं आहे. मला कोणी विचारत नाही इतकंच.

आडवाट
थोडं हलकं करते. मराठी कानाची चाचणी घ्या. हेरा: प्रत्येक हाक गुप्तहेराला दिलेला हुकूम वाटेल. इडा: क्रीटमधला छान पर्वत आहे, पण आपल्याकडे इडा आली की मागून पीडा येतेच. पर्सेफोनी: इंग्रजी स्पेलिंग वाचून निम्मे लोक "पर्सेफोन" म्हणतील. कॅसांड्रा सुंदर आहे, पण खरं बोलूनही कुणी विश्वास न ठेवण्याचा शाप कशाला? तो तर पौगंडावस्थेत आपोआप मिळतो. आयरिस मला बिनधोक वाटतं. इंद्रधनुष्याची देवी, देवांची निरोप्या, आणि डोळ्यातल्या रंगीत पडद्यालाही तिचंच नाव.

आणि माया? ग्रीक मायिया म्हणजे कृत्तिकांमधली थोरली बहीण, हर्मीस देवाची आई. आजच्या ग्रीकमध्ये त्या शब्दाचा अर्थ सुईण. इकडे ऐकणाऱ्याला काही खटकणार नाही, तिकडची कथा ज्याला हवी त्याला मिळेल.

तिरकस
ती गुहेत राहायची आणि बायको हेरा झोपली की देवांचा राजा झ्यूस चोरून यायचा. एवढं सांगून ठेवतो.

अथपासून
झ्यूस कुठे गेला नाही असं एक घर दाखवा, मग तिथलं नाव ठेवू. होमेरिक स्तोत्रातली मायिया देवांच्या गर्दीपासून लांब राहणारी आहे, आणि गाई चोरून आलेल्या एका दिवसाच्या हर्मीसला ती पाळण्यापाशीच झापते. मला तर भारी वाटते.

सांजवारा
नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं. डॅफ्नी सोडताना जीव थोडा तुटला, पण मायावर दोघांचं जमलं. आता नवं भांडण: त्याला ग्रीकसारखं आय घालून स्पेलिंग हवंय आणि मला वाय. दोन_पोरांची_आई, तू म्हणालीस ते खरं गं. चुकीचं स्पेलिंग दुरुस्त करत फिरणार आहे ती, आम्ही नाही. म्हणून वाय.

तिरकस
हरकत नाही. नवऱ्याला सांत्वनाला मांजर आणून द्या आणि तिला डॅफ्नी म्हणा. मांजर झाडावर स्वतःहून चढतं.